'काल'चा माग काढणारा माणूस

दहावीला संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाला तीन शब्द पाठ असतात : अद्य, ह्यः, श्वः. आज, काल, उद्या. परीक्षा संपली की यातला 'ह्यः' डोक्यातून जातो तो कायमचाच. कारण मराठीत त्याचा मागमूस नाही. ना घरात, ना लोकलमध्ये, ना कट्ट्यावर. गंमत म्हणजे याच शब्दाचा एक लांबचा भाऊ तुम्ही दिवसातून दोनचार वेळा तरी उच्चारता. मराठीत नाही, इंग्रजीत. 'यस्टरडे' म्हणता तेव्हा.

'यस्टरडे'मधला 'डे' म्हणजे दिवस, हे कुणीही सांगेल. मग 'यस्टर' काय? एकट्या 'यस्टर'ला आजच्या इंग्रजीत काही अर्थ उरलेला नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'येओस्ट्रान' असा होता. जर्मनमध्ये आजही काल म्हणजे 'गेस्टर्न'. लॅटिनमध्ये 'हेरि'. आणि वेदांच्या भाषेत 'ह्यस्', म्हणजे आपला पाठांतरातला 'ह्यः'. हे नुसतं कानाला जाणवलेलं साम्य नाही, त्यामागे नियम आहे. संस्कृतात जिथे 'ह' असतो, तिथे जर्मनमध्ये अनेकदा 'ग' सापडतो आणि इंग्रजीत 'ग' किंवा 'य'. 'हरि' या शब्दाचा एक जुना अर्थ पिवळा. जर्मनमध्ये पिवळा 'गेल्ब', इंग्रजीत 'येलो'. हंस जर्मनमध्ये 'गान्स', इंग्रजीत 'गूस'. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही. पण तोच बदल पुन्हा पुन्हा दिसला की मानावं लागतं, ही सगळी एकाच घरातून बाहेर पडलेली भावंडं आहेत.

म्हणजे आपल्या घरातून हरवलेला शब्द सातासमुद्रापार सापडला. मग आपला 'काल' कुठून आला? पटकन वाटतं, काळ-वेळवाल्या 'काल'मधून आला असेल. तसं नाही. तो आला 'कल्य'मधून, आणि कल्य म्हणजे पहाट. प्राकृतात त्याचा 'कल्ल' झाला आणि मराठीत 'काल'. 'उद्या'च्या पोटातही सूर्याचा उदय आहे. इंग्रजी 'टुमॉरो'मधला 'मॉरो' म्हणजेसुद्धा सकाळच. पहाटेवरून दिवस मोजायची सवय इथेही होती आणि तिथेही.

शब्दांच्या अशा वंशावळी शोधायचा नाद एका मराठी माणसाला लागला आणि त्यापायी त्याने नोकरी, पैसा, घरसंसार यांचा विचारच सोडून दिला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. बहुतेकांना ते माहीत असतात ते मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक म्हणून. पण जुन्या कागदांच्या मागे लागलेला हा माणूस पुढे शब्दांच्या मागे का लागला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

अभ्यासक्रमाबाहेरचा विद्यार्थी

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. गाव वरसई, पेण तालुक्यातलं. पनवेलच्या पुढे गेलं की लागणारा हा मुलूख. वडील ते लहान असतानाच गेले. शिक्षण झालं पुण्यात. घराण्यात शब्दांचं वेड एकट्यालाच नव्हतं. थोरले भाऊ वैजनाथ संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी यास्काच्या 'निरुक्त'वर काम केलं. निरुक्त म्हणजे शब्द कसे बनले याचा विचार करणारा आपल्याकडचा अडीच हजार वर्षांच्या आसपासचा जुना ग्रंथ.

विश्वनाथ डेक्कन कॉलेजात शिकले, पण आपल्या पद्धतीने. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातल्या पुस्तकांवर त्यांचा जीव. व्यायाम भरपूर, वाचन त्याहून भरपूर, परीक्षेची घाई मात्र अजिबात नाही. बी. ए. व्हायला त्यांना १८९० साल उजाडलं, म्हणजे वय सत्तावीस. आजच्या भाषेत सांगायचं तर भरपूर गॅप असलेला बायोडेटा. शाळा-कॉलेजातल्या दिवसांबद्दल त्यांनी पुढे एक मोठा लेख लिहिला आणि त्यात तेव्हाच्या शिक्षणाची चांगलीच झाडाझडती घेतली.

काही काळ त्यांनी पुण्यात शिक्षकाची नोकरी केली, मग सोडली. तरुणपणीच पत्नी वारली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. १८९४ च्या सुमारास त्यांनी 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं. जगातले मोठे ग्रंथ मराठीत यावेत एवढाच त्यामागचा हेतू. प्लेटोचं 'रिपब्लिक' त्यांनी स्वतः मराठीत आणलं. मासिक दोनतीन वर्षं चाललं आणि बंद पडलं. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली : अवघडातला अवघड विचार मराठीत मांडता येतो, आणि आपण तो मराठीतच मांडायचा.

माळ्यावरचे कागद

वाईला त्यांच्या हाती जुन्या पत्रांचं एक दप्तर लागलं. मोडी लिपीतले कागद, पानिपतच्या आधीच्या वर्षांतले, पानिपतापर्यंतचे. ते वाचून, लावून, छापून त्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पुढे एकूण २२ खंड झाले.

तोवर मराठ्यांचा इतिहास म्हणजे बखरी, नाहीतर इंग्रजांनी लिहिलेली पुस्तकं. राजवाड्यांनी वेगळीच मागणी केली : कागद दाखवा. आणि कागद कुठे होते? देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत, मठांत, माळ्यावर, फडताळांत. काहींना वाळवी लागली होती, काही रद्दीत चालले होते. राजवाडे गावोगाव फिरले, बरंचसं पायीच. बरोबर मोजकं सामान, स्वयंपाक स्वतःच्या हाताने. कुणी दप्तर दाखवायचं, कुणी संशयाने दारातूनच परत पाठवायचं. सरकारी पगार नाही, शिष्यवृत्ती नाही. १९१० मध्ये खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं, ते आजही सुरू आहे.

या भटकंतीतच शब्दांनी त्यांना गाठलं. कारण जुना कागद वाचताना पहिला प्रश्न असतो, हा खरा की बनावट? तारीख नसेल तर केव्हाचा? शाई, कागद, शिक्का यांच्याइतकीच त्याची साक्ष देते ती भाषा. शंभर वर्षांनंतर प्रचारात आलेला शब्द जुन्या म्हणवणाऱ्या पत्रात दिसला, की ते पत्र पकडलं जातं. त्यासाठी कोणता शब्द केव्हाचा, हे आधी माहीत हवं.

राजवाड्यांनी मग चक्क मोजणी केली. शिवाजी महाराजांच्या आधीचं एखादं पत्र घ्यायचं, त्यांच्या काळातलं एक घ्यायचं, नंतरचं एक घ्यायचं. प्रत्येकात फारसी-अरबी शब्द किती आणि मराठी-संस्कृत किती, ते मोजायचं. आधीच्या पत्रात फारसीची गर्दी, नंतर ती उतरत गेलेली. राज्य बदललं की दरबारातला शब्दही बदलतो, हे त्यांनी मतप्रदर्शन न करता मोजून दाखवलं. आज कॉम्प्युटरवर हजारो पानांतले शब्द मोजून भाषेचा अभ्यास होतो. राजवाडे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तेच काम बोटांवर करत होते.

गंमत म्हणजे त्यातले कितीतरी शब्द दरबारातून गेले तरी तोंडातून गेले नाहीत, आणि त्यात क्रियाविशेषणं पुष्कळ. 'फक्त' अरबी. 'बिलकुल' अरबी. 'जरा' आला तो कण या अर्थाच्या अरबी शब्दावरून. 'जलद' फारसी. 'अखेर' अरबी. 'एकदम'मधला 'दम' फारसी, त्याचा अर्थ श्वास. म्हणजे एका श्वासात. आपण हे शब्द उसने आहेत असं समजून वापरत नाही. ते कधीच घरचे झाले.

उल्हासनगरचा 'अजु', बदलापूरचा 'आज'

१९०९ मध्ये राजवाड्यांनी 'ज्ञानेश्वरी'ची एक जुनी प्रत संपादून छापली. एकनाथांनी शुद्ध केलेल्या पाठाच्याही आधीची ही प्रत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी त्यांनी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरण लिहिलं. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीचं रूप नेमकं कसं होतं, शब्दांना प्रत्यय कोणते लागत, ते प्राकृत आणि अपभ्रंशातून कसे आले, हे एकेक करत त्यांनी मांडलं. पुढे तर ते संस्कृताच्याही मागे गेले. संस्कृत ही आभाळातून पडलेली तयार भाषा नाही, तिच्याही आधी भाषा होत्या आणि त्यांच्यातून तिची रूपं घडली, हा विचार घेऊन त्यांनी 'संस्कृत भाषेचा उलगडा' लिहिला. त्या काळी, आणि तेही शास्त्र शिकलेल्या ब्राह्मणाने हे म्हणणं, ही साधी गोष्ट नव्हती.

शब्द मागे मागे नेण्याची ही रीत कळायला आपल्या तीन गावांइतकी चांगली जागा नाही. 'आज' हाच शब्द घ्या. मूळ 'अद्य', म्हणजे 'या दिवशी'. प्राकृतात 'द्य'चा 'ज्ज' झाला : अज्ज. मराठीने काय केलं? जोडाक्षरातलं एक अक्षर टाकलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला : आज. हा आपला ठरलेला खाक्या आहे. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. अष्ट, अट्ठ, आठ. कर्म, कम्म, काम.

आता बदलापूरहून लोकल पकडा आणि अंबरनाथ ओलांडून उल्हासनगरला उतरा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. तिथल्या एखाद्या सिंधी आजींचं बोलणं नीट ऐका. आज म्हणजे 'अजु'. हात म्हणजे 'हथु'. सात म्हणजे 'सत', आठ म्हणजे 'अठ', काम म्हणजे 'कमु'. सिंधीने जोडाक्षर सोडलं, पण स्वर लांबवला नाही. आणि पंजाबीने दोन्ही होतं तसं ठेवलं : अज्ज, हत्थ, सत्त, अट्ठ, कम्म. तीन भावांनी एकाच वडिलांची जमीन तीन तऱ्हांनी कसावी, तसं हे आहे. एका शब्दावरून बोललो असतो तर तो योगायोग ठरला असता. पाच शब्द एकाच शिस्तीत वागतात तेव्हा तो पुरावा होतो.

इंग्रजी इथेही मजा आणते. लॅटिनमध्ये आज म्हणजे 'होदिए', शब्दशः 'या दिवशी'. 'अद्य'ची बनावट अगदी हीच, आणि त्यातला दिवसवाचक भाग लॅटिनच्या 'दिएस'चा सख्खा नातलग. मग इंग्रजी 'डे' पण त्यातलाच असणार? दिसायला 'डे' आणि 'दिएस' जुळे. पण नाही. 'डे' वेगळ्याच मुळातून आलेला आहे. नियम लावून पाहिला तर लॅटिनच्या 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' यायला हवा. लॅटिन 'दुओ', इंग्रजी 'टू'. लॅटिन 'देकेम', इंग्रजी 'टेन'. 'डे' या रांगेत बसत नाही. सारखं दिसणं आणि नातं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंबरनाथ : आभाळ की आंबा?

हा धडा आपल्या गावातच दगडावर कोरलेला आहे. अंबरनाथचं शिवमंदिर आपण लहानपणापासून बघतो. नावाचा अर्थ विचारला की उत्तर तयार असतं : अंबर म्हणजे आकाश, आकाशाचा नाथ. पटतंही. शिखर अपुरं, गाभारा पायऱ्या उतरून खाली आणि वर थेट आभाळ.

पण मंदिरावर शिलाहारांच्या काळातला संस्कृत शिलालेख आहे. त्याची तारीखही आधी चुकली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असं वाचलं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी पुन्हा तपासून शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असं लावलं. एका आकड्याने दोनशे वर्षांचा फरक. त्या लेखात देवाचं नाव अंबरनाथ नाही, आम्रनाथ आहे. आम्र म्हणजे आंबा.

आम्रचा आंब कसा झाला, याचाही नियम आहे. 'म' आणि 'र' जवळ आले की म्हणताना मध्ये हळूच 'ब' डोकावतो. मग 'र' गळतो आणि 'ब' राहतो. आम्र, अंब, आंबा. याच वाटेने ताम्र, तंब, तांबे. आंब्याचा नाथ लोकांच्या तोंडी 'अंब'नाथ झाला आणि कुणाला तरी त्यात आकाश दिसलं. दंतकथा सुंदर आहे, पण दगड वेगळं सांगतो.

याच शके ९८२ मधला दिवेआगरचा एक ताम्रपटही आहे, आणि तो मराठीत आहे. अंबरनाथला राजाचं काम होतं म्हणून संस्कृत कोरलं. पण कोकणात त्याच वर्षी व्यवहाराची नोंद मराठीत होत होती. राजाची भाषा दगडावर टिकते. लोकांची भाषा टिकते ती मुख्यतः शब्दांमध्ये, आणि म्हणूनच शब्द वाचता यायला हवेत. राजवाड्यांच्या सगळ्या खटाटोपाचं सार हेच होतं.

ग्रामनामांकडेही ते याच नजरेने बघत. गावाचं नाव म्हणजे न जळलेला, न कुजलेला दस्तऐवज, असं त्यांना वाटे. १९२४ मध्ये त्यांनी 'महिकावतीची बखर' छापली, ती तर आपल्याच उत्तर कोकणाची. राजे, घराणी, वतनं आणि गावांच्या नावांनी ती भरलेली आहे. तिच्या लांबलचक प्रस्तावनेत त्यांनी या किनारपट्टीवर कोण केव्हा आलं आणि वसलं, याचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला. बदलापूरची गोष्ट आपल्याकडे सांगतात की इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. राजवाड्यांसमोर कुणी ती सांगितली असती, तर पहिला प्रश्न ठरलेला होता : कागद कुठे आहे?

जिथे ते घसरले

पण इथे थांबलं तर ते भक्तिगीत होईल. कागदाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हा माणूस शब्दाच्या बाबतीत कधी कधी स्वतःच्याच बुद्धीवर नको इतका विसंबला. एका शब्दाची व्युत्पत्ती सुचली, ती तर्काला पटली, की ते ठामपणे लिहून मोकळे होत. त्यांच्या अनेक व्युत्पत्त्या पुढच्या अभ्यासकांनी नाकारल्या. मराठीच्या जवळपास प्रत्येक शब्दाला संस्कृत मूळ सापडलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्यामुळे द्राविडी भाषांतून किंवा स्थानिक बोलींतून आलेल्या शब्दांनाही ओढूनताणून संस्कृत आजोबा मिळाले.

समाजाच्या इतिहासाबद्दल ते असंच बोलत. जाती, वंश, कोण मूळचा आणि कोण उपरा, यावर त्यांनी केलेली विधानं आज टिकत नाहीत, आणि काही तर वाचतानाही टोचतात. वारकरी संतांनी महाराष्ट्राला निष्क्रिय केलं, हा त्यांचा आक्षेपही असाच. ज्या ज्ञानेश्वरीच्या भाषेवर त्यांनी जीव ओतला, तीच परंपरा खेड्यापाड्यांत जिवंत ठेवणाऱ्यांना त्यांनी हा दोष लावला. जिथे पुरावा हातात होता तिथे राजवाडे आजही उभे आहेत. जिथे पुराव्याच्या पुढे उडी मारली तिथे ते पडले.

त्याच सुमारास हेच काम दुसरा एक माणूस करत होता, पॅरिसमध्ये. ज्यूल ब्लॉक हे त्याचं नाव. मराठी भाषा कशी घडली यावरचा त्याचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये निघाला. त्याची शिस्त वेगळी होती. एकेका शब्दाची चमकदार गोष्ट न सांगता तो आधी ध्वनिबदलांचे नियम मांडतो, मग शब्द त्यात बसतो का ते बघतो. व्युत्पत्तीच्या शास्त्रात ब्लॉकची पद्धत टिकली. वासुदेव गोपाळ परांजप्यांनी १९४१ मध्ये तो ग्रंथ मराठीत आणला, तेव्हा तो सर्वसाधारण मराठी वाचकाला वाचता आला.

पण मराठीतच का?

ब्लॉकचं नाव जगभर गेलं, राजवाड्यांचं गेलं नाही. त्याचं एक मोठं कारण राजवाड्यांनी स्वतः निवडलेलं होतं. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर विद्यापीठं, परदेशी नियतकालिकं, मानसन्मान हे सगळं दार ठोठावत आलं असतं. त्यांनी आयुष्यभर लिहिलं ते मराठीत. ज्याला हे ज्ञान हवं असेल त्याने मराठी शिकावं, ही त्यांची भूमिका.

हा नुसता स्वाभिमानाचा प्रश्न नव्हता. मराठी मरायला टेकली आहे का, हा वाद त्यांच्या काळातही जोरात होता आणि राजवाड्यांना त्याची खरी काळजी होती. भाषा कविता थांबल्याने मरत नाही; तिच्यात नवं ज्ञान तयार होणं थांबलं की ती आटते. घरात बोलायला एक भाषा आणि डोकं चालवायला दुसरी, अशी वाटणी झाली की पहिली हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरते. हे टाळायचं तर कुणीतरी अवघड काम मराठीत करून दाखवायला हवं होतं. ते त्यांनी केलं आणि त्याची किंमतही मोजली. त्यांच्या चुका वेळीच दाखवू शकले असते असे जगातले भाषाशास्त्रज्ञ त्यांना वाचू शकले नाहीत. ही निवड बरोबर होती का? इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष इंग्रजीशी झटापट करत काढणाऱ्या आपल्या प्रत्येकाला हा प्रश्न आजही तितकाच जवळचा आहे.

धुळ्यातली शेवटची वर्षं

राजवाड्यांचा स्वभाव तडकाफडकी. माणसं जमवण्यापेक्षा कागद जमवणं त्यांना सोपं जाई. स्वतःच उभ्या केलेल्या मंडळात मतभेद झाले आणि ते पुण्यापासून दूर गेले. अखेरचा काळ त्यांनी धुळ्यात काढला. तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच मोठं काम होतं : मराठीतल्या सगळ्या धातूंचा आणि शब्दांचा व्युत्पत्तिकोश. बसणं, उठणं, चालणं, जाणं, तोंडात येणारं प्रत्येक क्रियापद घ्यायचं आणि ते मागे मागे नेत मुळापर्यंत पोचवायचं. साठी ओलांडलेला एकटा माणूस हजारो शब्दांच्या नोंदी करत बसला होता.

३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच ते गेले. कोश अपुरा राहिला. मागे ना घर, ना मुलंबाळं, ना बँकेत पैसा. उरले ते कागद आणि नोंदी.

बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथे संपते आणि कागद रद्दीत जातात. इथे तसं झालं नाही. लगेचच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी त्या नोंदी हाती घेतल्या. १९३७ मध्ये राजवाड्यांचा धातुकोश छापून निघाला, १९४२ मध्ये नामादी शब्दांचा व्युत्पत्तिकोश. आणि १९४६ मध्ये कुलकर्ण्यांनी स्वतःचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' दिला. राजवाड्यांनी जिथे घाई केली होती, तिथे पुढच्या माणसाने पुन्हा तपासलं. संशोधन असंच चालतं. पहिला वाट पाडतो, दुसरा ती सरळ करतो. 'मागे' हा शब्दही मुळात 'मार्ग'मधूनच आला आहे : मार्ग, मग्ग, माग. कुणीतरी चालून गेलेली वाट, म्हणून 'मागे'.

ता. क. एक शब्द जाता जाता. 'रोज'. सकाळी फलाटावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं क्रियाविशेषण बहुधा हेच असेल. रोज लेट, रोज गर्दी. हा शब्द फारसी, यात शंका नाही. राजवाड्यांच्या मोजणीत तो परक्यांच्या रकान्यात जाणार. पण त्याला आणखी मागे न्या. जुन्या फारसीत 'रौचह', म्हणजे दिवस. त्याच्या बहिणीच्या, अवेस्ताच्या भाषेत तोच शब्द उजेड या अर्थाने आहे. आणि संस्कृतात त्याच कुळातला 'रुच्', म्हणजे चमकणं, ज्यातून आपली 'रुची' आली. इंग्रजी 'लाइट'सुद्धा याच कुळातला, थोडा लांबचा. मराठी, सिंधी, फारसी, इंग्रजी, सगळी मंडळी एका शब्दाच्या डब्यात उभी आहेत, आपल्या ८.१२ सारखी. फक्त एकमेकांना ओळखत नाहीत.